गाव एक, शिक्के अनेक
ग्रामपंचायतींच्या 'ए, बी, सी' वर्गवारीच्या निमित्ताने नागपूर जिल्ह्याचा आढावा

नागपूर : मनरेगाची जागा घेण्यासाठी संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केलेल्या 'विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी मिशन (ग्रामीण)' या कायद्यात ग्रामपंचायतींची ए, बी आणि सी अशा तीन वर्गांत विभागणी करण्याची तरतूद आहे. या वर्गवारीचे निकष केंद्र सरकारने ठरवायचे असून प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या वर्गानुसार विकास आराखडा तयार करायचा आहे. कायद्यावरील चर्चा कामाचे दिवस १०० वरून १२५ करणे, राज्यांवरील ४० टक्के आर्थिक भार आणि हंगामात ६० दिवस कामे थांबविण्याची मुभा या मुद्द्यांभोवती फिरली. वर्गवारीच्या तरतुदीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. गावपातळीवरील नियोजनाच्या दृष्टीने हीच तरतूद दूरगामी ठरण्याची शक्यता आहे.

याचे कारण निधीच्या पद्धतीत आहे. मनरेगात मजुराने काम मागितले की ते देण्याचे बंधन होते आणि निधीला कागदोपत्री तरी वरची मर्यादा नव्हती. त्यामुळे गाव कोणत्या वर्गात मोडते हा प्रश्न दुय्यम होता. नव्या कायद्यात केंद्र प्रत्येक राज्याचा वाटा आधीच निश्चित करणार असून त्यापेक्षा अधिक होणारा खर्च राज्याला सोसावा लागणार आहे. वाटा ठरलेला असला की तो कोणाला आधी आणि किती, हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर वर्गवारीत शोधले जाते. राज्याच्या रोजगार हमी आयुक्तालयाचे मुख्यालय नागपुरातच असल्याने येथील प्रशासकीय वर्तुळासाठी हा विषय दूरचा नाही. तथापि ज्या गावांवर हे शिक्के बसणार आहेत, त्यांच्यावर आधीपासून किती शिक्के आहेत आणि त्यांतून काय साधले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

सरासरीत हरवलेली गावे

२०११ च्या जनगणनेनुसार नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६ लाख ५३ हजारांच्या घरात होती आणि त्यापैकी सुमारे ६८ टक्के लोक नागरी भागात राहत होते. जिल्ह्याची कोणतीही सरासरी काढली की त्यात नागरी भागाचे वजन दोन तृतीयांशांहून अधिक पडते. साक्षरता असो, दरडोई उत्पन्न असो वा दवाखान्यांची संख्या, आकडा नागपूर शहराचा असतो आणि तो भिवापूर किंवा देवलापारच्याही नावावर लागतो.

महाराष्ट्रात मागासलेपणाच्या मोजमापाचा इतिहास जिल्ह्यापासून सुरू होतो. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या डॉ. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला, तो जिल्हा हे एकक धरून. अनुशेषाचे राजकारण पुढे त्याच एककाभोवती फिरत राहिले. मानव विकास कार्यक्रमात हे एकक तालुक्यापर्यंत खाली आले आणि राज्यातील १२५ तालुके निवडले गेले. तालुक्याच्या आत पुन्हा तोच प्रश्न उरतो. हिंगणा तालुक्यात औद्योगिक वसाहतीला लागून असलेली डिगडोह-निलडोहसारखी दाट वस्ती आहे आणि त्याच तालुक्यात पावसाच्या भरवशावरील कोरडवाहू गावेही आहेत. दोहोंचा तालुका एक, सरासरीही एकच!

जिल्ह्यात १३ पंचायत समित्या आणि साडेसातशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. महसुली गावांची संख्या त्याच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजेच अनेक ग्रामपंचायती गट ग्रामपंचायती असून त्यांच्यात दोन, तीन वा अधिक गावे आणि टोल्या येतात. शिवाय ज्यांना विदर्भात 'रिठी' म्हणतात अशा, मौजा म्हणून नोंद असलेल्या पण वस्ती नसलेल्या गावांची संख्याही लक्षणीय आहे. 'गाव' हा शब्द महसूल खात्यासाठी एक, जिल्हा परिषदेसाठी दुसरा आणि गावकऱ्यासाठी तिसराच अर्थ घेऊन येतो.

वसुलीसाठी झालेली पहिली प्रतवारी

गावांची प्रतवारी या भागाला नवीन नाही. मध्य प्रांतातील मालगुजारी बंदोबस्ताच्या काळात जमिनीची काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी प्रत लावली जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जे. बी. फुलर या अधिकाऱ्याने प्रत्येक मातीला गुणांक देण्याची पद्धत रूढ केली आणि त्या गुणांकांच्या बेरजेवर गावाचा सारा ठरू लागला. पद्धत बारकाईची होती. पण तिचा हेतू वसुलीचा होता. गावाची क्षमता किती यापेक्षा त्या गावातून किती निघेल, हे तिला हवे होते.

मालगुजारी १९५१ मध्ये संपली. तिच्या खुणा मात्र 'मौजा' आणि 'प.ह.नं.' या शब्दांत सात-बारावर आजही दिसतात. त्याच काळातील निस्तार पत्रकात गावकऱ्यांना सरपण, चराई, पाणी व वहिवाटीचे कोणते हक्क आहेत याची गावनिहाय नोंद असे. एका अर्थाने तोही गावाचा आराखडाच होता. स्वातंत्र्योत्तर काळातील विकासाच्या वर्गवारीने सारा-पद्धतीतील गुणांकांची परंपरा पुढे चालविली; निस्तार पत्रकातील हक्कांची नोंद मात्र मागे पडली.

किती खाती, किती शिक्के

आजघडीला जिल्ह्यातील एखाद्या गावावर किती शिक्के असतात, याची मोजदाद केली तर आश्चर्य वाटेल. महसूल खाते पैसेवारी काढते आणि ती ५० पैशांच्या खाली की वर, यावर गाव टंचाईग्रस्त की नाही हे ठरत आले. भूजल सर्वेक्षण यंत्रणा पाणलोट क्षेत्र धरून उपशाचे प्रमाण मोजते. उपसा ७० टक्क्यांपर्यंत असेल तर क्षेत्र सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि त्यापुढे अतिशोषित, अशी ही श्रेणी आहे. खनिज निधीसाठी गाव बाधित की अबाधित, नगररचनेसाठी महानगर क्षेत्रातील की बाहेरचे, आदिवासी विकासासाठी अनुसूचित क्षेत्रातील की नाही, असे आणखी शिक्के आहेत.

प्रत्येक खात्याचे एककही निराळे आहे. पैसेवारी गावाची, भूजल पाणलोटाचे, खनिज निधी वर्तुळाचा, गुणांकन ग्रामपंचायतीचे. पाणलोटाची सीमा गावाच्या शिवेवर थांबत नाही. एकाच गावाचा अर्धा शिवार एका पाणलोटात आणि अर्धा दुसऱ्या पाणलोटात असू शकतो. ही सर्व माहिती एका कागदावर एकत्र आणून 'या गावाला नेमके काय हवे' असे विचारणारी व्यवस्था मात्र दिसत नाही.

दुष्काळाच्या बाबतीत एककाचा हा गोंधळ ठळकपणे पुढे आला. राज्य शासनाने ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या दुष्काळ संहितेनुसार नवे निकष स्वीकारले. पर्जन्यमान, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, मातीतील ओलावा असे शास्त्रीय निर्देशांक आले, हे स्वागतार्हच होते. मात्र त्याबरोबर निर्णयाचे एकक गावाऐवजी तालुका झाले. २०१८ मध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात नागपूर जिल्ह्यातील काटोल व कळमेश्वर यांचा समावेश होता. शेजारच्या तालुक्यातील शिवेला लागून असलेल्या गावांना अर्थातच तो लागू नव्हता. २०२३ मध्ये प्रथम ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि काही दिवसांतच १ हजार २१ महसूल मंडळांत सवलती द्याव्या लागल्या. तालुका हे एकक फार मोठे पडते, याची कबुलीच या दुरुस्तीने दिली.

रेषेच्या अलीकडे, पलीकडे

वर्गवारीचा खरा परिणाम रेषेवरच्या गावात दिसतो. रामटेक तालुक्यातील देवलापार परिसर हे त्याचे ठळक उदाहरण. पेंचच्या जंगलालगतचा हा भाग गोंडबहुल आहे. परंतु नागपूर जिल्ह्याचा समावेश राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात नाही. त्यामुळे पेसा कायदा येथे लागू होत नाही. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१५ मध्ये घेतला. गडचिरोलीतील गोंड गावाला मिळणारा हा हक्काचा निधी देवलापारच्या गोंड गावाला मिळत नाही. भाषा तीच, जंगल तसेच, मोहफूल-तेंदूवरचे अवलंबित्वही तेच; फरक फक्त नकाशावरच्या रेषेचा.

खाणपट्ट्यातही अशीच रेषा आहे. उमरेड, सावनेर, पारशिवनी, कामठी या तालुक्यांत कोळशाच्या, तर रामटेकजवळ मनसर-कांद्री भागात मँगनीजच्या खाणी आहेत. खनिज प्रतिष्ठानचा निधी वापरण्यासाठी केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र प्रत्यक्ष बाधित आणि २५ किलोमीटरपर्यंतचे अप्रत्यक्ष बाधित. कंपासने वर्तुळ आखणे सोपे असते. पण धूळ वाऱ्याच्या दिशेने जाते, पाणी उताराच्या दिशेने वाहते आणि कोळशाचे ट्रक रस्त्याने धावतात. त्यातच कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांच्या राखेने बाधित होणारी गावे निराळी. जुलै २०२२ मध्ये खसाळा येथील राखेचा बंधारा फुटून राख शेतात व नाल्यांत शिरली. त्या गावांचा त्रास खाणीचा नव्हता, राखेचा होता. खाणीपासूनचे अंतर मोजणारी वर्गवारी असा त्रास टिपू शकत नाही.

कागदावर गाव, प्रत्यक्षात शहर

शहरालगतच्या गावांची कोंडी याहून वेगळी आहे. जनगणनेच्या व्याख्येनुसार किमान ५ हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकांची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात असतील तर ते ठिकाण नागरी धरले जाते. या तिन्ही कसोट्यांवर उतरलेली, पण ग्रामपंचायतीच्याच ताब्यात असलेली वाडी, डिगडोह, निलडोह, वानाडोंगरी ही गावे २०११ मध्ये 'जनगणना नगरे' म्हणून नोंदली गेली. शहर म्हणून मोजणी आणि गाव म्हणून कारभार, अशी ही दुहेरी स्थिती. या व्याख्येत केवळ पुरुषांच्या कामाचा विचार होतो, स्त्रियांच्या नाही, ही बाबही उल्लेखनीय आहे. घरातील पुरुष औद्योगिक वसाहतीत आणि स्त्रिया शेतात, हे चित्र शहरालगतच्या पट्ट्यात नवीन नाही. व्याख्येपुरते ते घर बिगरशेतीचे ठरते.

हुडकेश्वर व नरसाळा ही गावे २०१३ मध्ये महापालिकेत आली. वाडी व वानाडोंगरीला पुढे नगर परिषदा मिळाल्या. दरम्यान नागपूर महानगर क्षेत्रात ७१९ गावांचा समावेश झाला, २०१७ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि जानेवारी २०१८ मध्ये विकास आराखडा मंजूर झाला. या गावांत जमिनीच्या वापराचा आराखडा प्राधिकरणाचा, तर नळ, गटार, दिवाबत्ती आणि कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची. आराखडा एकाने करायचा आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या वस्तीचे सांडपाणी दुसऱ्याने सांभाळायचे, अशी ही विभागणी आहे.

निधीचे गणित तर अधिकच विपरीत आहे. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांचे अनुदान राज्यांमध्ये वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन दिले आणि लोकसंख्या धरली ती २०११ ची. बेसा, बेलतरोडीसारख्या पट्ट्यात त्यानंतर सदनिकांच्या रांगा उभ्या राहिल्या. माणसे आजची आणि मोजणी दीड दशकापूर्वीची, अशा स्थितीत आराखडा कितीही सुबक केला तरी तो अपुराच पडणार.

याच्या नेमका उलट प्रकार तालुक्याच्या ठिकाणी घडला. तालुका मुख्यालयाच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याच्या राज्याच्या धोरणानुसार २०१५ च्या सुमारास कुही, भिवापूर, मौदा, हिंगणा ही गावे नगरपंचायती झाली. राज्यघटनेच्या २४३-क्यू या अनुच्छेदात अशा संक्रमणशील क्षेत्रासाठी लोकसंख्या, घनता, स्थानिक महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण आणि आर्थिक महत्त्व या बाबी पाहण्यास सांगितले आहे. येथे मात्र तालुक्याचे ठिकाण असणे हीच बाब निर्णायक ठरली. धान आणि मिरचीवर जगणाऱ्या कुही-भिवापुरातील शेतमजूर पाटीवरचे 'ग्रामपंचायत' हे शब्द बदलताच केंद्राच्या ग्रामीण रोजगार कायद्याच्या कक्षेबाहेर गेला. त्याचे काम बदलले नाही, त्याच्या गावाचा वर्ग बदलला.

गुणांकनाची मर्यादा

ग्रामपंचायतींना गुण देण्याचा प्रयोग गेल्या काही वर्षांत देशभर झाला. मिशन अंत्योदयच्या सर्वेक्षणानंतर पंचायत राज मंत्रालयाने 'पंचायत प्रगती निर्देशांक' तयार केला आणि २०२२-२३ या वर्षाचा पहिला निकाल एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. नऊ विषय आणि ४३५ निर्देशक यांच्या आधारे २ लाख १६ हजार २८५ ग्रामपंचायतींची पाच गटांत विभागणी झाली. सर्वोच्च गटात एकही ग्रामपंचायत आली नाही. त्याखालच्या गटात ६९९, तिसऱ्यात ७७ हजार २९८, चौथ्यात १ लाख ३२ हजार ३९२ आणि तळाच्या गटात ५ हजार ८९६ ग्रामपंचायती आल्या.

या आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ९७ टक्के ग्रामपंचायती मधल्या दोन गटांत येत असतील, तर ही वर्गवारी कोण पुढे आणि कोण मागे एवढेच ढोबळपणे सांगते. समजा, संत्रापट्ट्यातील एखादे गाव आणि गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रातून उठवून वसविलेले कुही तालुक्यातील एखादे गाव, दोघांनाही १०० पैकी ५२ गुण मिळाले. दोघेही एकाच गटात बसतील. परंतु पहिल्याला उपशावर नियंत्रण, पुनर्भरण व ठिबक यांची गरज आहे, तर दुसऱ्याला गावठाणाची नोंद, नळयोजना आणि उपजीविकेचे नवे साधन हवे आहे. गुण सारखे असले तरी दुखणे सारखे नसते. इयत्ता आणि प्रकार यांत फरक आहे आणि नियोजनासाठी प्रकार आधी कळावा लागतो.

नागपूर जिल्ह्यातच किमान सहा प्रकारची गावे सहज दाखविता येतील. काटोल-नरखेडचा संत्रापट्टा, मौदा-रामटेक-पारशिवनीतील पेंचच्या कालव्यावरील धानपट्टा, उमरेड-सावनेरचा खाणपट्टा, देवलापारचा जंगलपट्टा, कुही-भिवापूरमधील पुनर्वसित गावे आणि महानगराची शीव. या सहाही प्रकारांत पुढारलेली आणि मागासलेली, अशी दोन्ही तऱ्हेची गावे आहेत. नुसत्या ए, बी, सी या अक्षरांत ही विविधता मावणार नाही.

गट ग्रामपंचायतींच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. मुख्य गावात नळ, शाळा, डांबरी रस्ता असला आणि दोन किलोमीटरवरच्या टोलीत यांपैकी काहीच नसले, तरी गुण दोघांना मिळून पडतात. टोलीची उणीव मुख्य गावाच्या सुविधांखाली झाकली जाते. माहिती भरण्याचे काम प्रामुख्याने ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे असते आणि अनेकदा त्याच्याकडे एकाहून अधिक गावांचा कारभार असतो. त्यातच पुरस्कारासाठी गाव चांगले दिसावे आणि निधीसाठी मागास दिसावे, असा दुहेरी मोह आहे. अशा माहितीच्या आधारे पैशांचे वाटप व्हायचे असेल, तर तिची उघड तपासणी अपरिहार्य ठरते.

निवडलेले गाव आणि उरलेली गावे

वर्गवारीला पर्याय म्हणून आदर्श गावाचा मार्ग वारंवार चोखाळला जातो. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या सांसद आदर्श ग्राम योजनेत नितीन गडकरी यांनी उमरेड तालुक्यातील पाचगाव निवडले. २०२५ मध्ये जिल्ह्यातील सातनवरी हे देशातील पहिले स्मार्ट व इंटेलिजंट गाव म्हणून पुढे आले. असे प्रयोग दिशा दाखवितात, यात शंका नाही. तथापि नियोजनाचा खरा कस निवड न झालेल्या गावांत लागतो. पाचगावला जे जमले ते शेजारच्या गावात का जमत नाही, याचे उत्तर ती गावे एकाच प्रकारची आहेत की नाहीत हे ठाऊक असल्याखेरीज देता येत नाही.

गावांची प्रतवारी अविचाराने केली तर काय होते, याचा धडा इंग्लंडमध्ये मिळतो. डरहॅम परगण्याच्या १९५१ च्या विकास आराखड्यात खाणकामगारांच्या वस्त्यांची ए ते डी अशी प्रतवारी करण्यात आली. 'डी' वर्गात शंभराहून अधिक गावे होती. कोळसा संपत आला असल्याने या गावांत नवी गुंतवणूक करायची नाही, असे ठरले. घरे दुरुस्त होईनात, नव्या बांधकामाला परवानगी मिळेना. माणसे हलू लागली आणि वर्गवारीचे भाकीत वर्गवारीनेच खरे करून दाखविले. रहिवाशांनी दीर्घकाळ विरोध केल्यानंतर १९७७ मध्ये हे धोरण मागे घेण्यात आले. कोळसा खाणींचा जिल्हा असलेल्या नागपूरने हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

भारतात याच विषयाची वेगळी वाट तत्कालीन आंध्रातील मिर्यालगुडा तालुक्याच्या १९७१ च्या अभ्यासाने दाखविली होती. लोक बाजाराला, दवाखान्याला, शाळेला कोणत्या गावी जातात हे पाहून केंद्रगावे निश्चित करावीत आणि तेथे सेवा उभाराव्यात, असा त्याचा रोख होता. प्रत्येक गावात सर्व काही असणे शक्य नाही. परंतु प्रत्येक गावाच्या पल्ल्यात सर्व काही असले पाहिजे, हे त्यामागचे सूत्र. विदर्भात आठवडी बाजाराच्या गावांचे असे जाळे पिढ्यान् पिढ्या अस्तित्वात आहे. या जाळ्याची दखल घेऊन शाळा, आरोग्य उपकेंद्र, बँक व गोदाम यांची जागा ठरविली, तर वर्गवारीला काही अर्थ येईल.

काय करता येईल?

यासाठी लागणारी साधने नागपुरात कमी नाहीत. मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालय येथे आहे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र येथेच आहे. प्रत्येक गावाला आणि ग्रामपंचायतीला केंद्राने स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे. त्या संकेतांकावर माती, भूजल, पीक, वस्ती, खाण-राख यांचा त्रास आणि सेवांचे अंतर ही माहिती एकत्र आणणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अडचण आहे ती प्रत्येक खात्याने आपला शिक्का आपल्याच फायलीत ठेवण्याची.

या पार्श्वभूमीवर ए, बी, सी वर्गवारी करताना चार पथ्ये पाळली जाणे आवश्यक आहे. पहिले, गावाचा प्रकार आधी ठरावा आणि श्रेणी त्या प्रकाराच्या आत लागावी; संत्रापट्ट्यातील गावाची तुलना संत्रापट्ट्यातील गावाशीच व्हावी. दुसरे, माहितीचे एकक महसुली गाव आणि शक्य तेथे टोली हे असावे, जेणेकरून गट ग्रामपंचायतीच्या सरासरीत कोणी हरवणार नाही. तिसरे, गावाला कोणते गुण कशासाठी मिळाले याचा तक्ता चावडीवर लागावा आणि ग्रामसभेला त्यावर हरकत घेण्याचा मुदतबंद हक्क असावा. मतदार यादीवर हरकत घेता येते, सात-बारातील फेरफारावर घेता येते. तर गावाच्या वर्गावर का नको? चौथे, कोणताही वर्ग कायमचा नसावा. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेल्या जनगणनेचे गावनिहाय आकडे हाती आले की संपूर्ण वर्गवारीची फेरतपासणी व्हावी. २०११ च्या आकड्यांवर आज लावलेला शिक्का पुढची दहा वर्षे चालविणे हा अन्याय ठरेल.

राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय यांसाठी आराखडे तयार करण्याचे काम पंचायतींकडे सोपविले. २०१५ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमातून गावोगावी असे आराखडे होतही आहेत. जिल्हा नियोजन समितीने ते एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा करावा, अशी घटनेची अपेक्षा आहे. म्हणजे नियोजन खालून वर जाणे अपेक्षित आहे. वर्गवारी मात्र वरून खाली येते. या दोन प्रवाहांची गाठ ग्रामसभेत पडली तर वर्गवारी नियोजनाला दिशा देईल. ती गाठ पडलीच नाही, तर आधीच्या शिक्क्यांत आणखी एकाची भर पडेल आणि देवलापारच्या टोलीतले, खसाळ्याच्या राखेतले किंवा बेसाच्या तुंबलेल्या गटारापाशी उभे असलेले लोक आपल्या गावाचा वर्ग कोणता, हे कार्यालयात जाऊन विचारत राहतील.